दोन मुहूर्तांच्या मध्ये

आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस प्रवासाला म्हणून सहसा निघत नाही. तो लग्नाला निघतो. इंदूर त्याने पाहिलेले असते ते मावसबहिणीच्या लग्नात, नागपूर चुलतभावाच्या साखरपुड्यात आणि बडोदे कुणाच्या तरी बारशाला. राजवाडे, किल्ले आणि धबधबे यांचे महत्त्व ती स्थळे मंगल कार्यालयापासून किती लांब आहेत त्यावर ठरते. न्याहारी आणि पंगत यांच्यामध्ये जे पाहून होईल ते जगप्रसिद्ध, आणि राहिले ते ‘पुढच्या खेपेस’. ही पुढची खेप फार फसवी असते. तिच्या भरवशावर आमच्या काकांनी अजिंठा तब्बल पन्नास वर्षे लांबवला होता.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाच्याचे लग्न छत्रपती संभाजीनगरला झाले. मलिक अंबराने १६१० मध्ये वसवले तेव्हा हे गाव खडकी होते. मग त्याच्या मुलाच्या नावाने फत्तेनगर झाले, १६५३ च्या सुमारास औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये आजचे नाव मिळाले. लग्नपत्रिकेवर नवे नाव होते, आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी मात्र जुनेच येत होते आणि व्याही दोन्ही नावांना सारख्याच आनंदाने ‘ओ’ देत होते. नाव बदलून संसार तसाच पुढे चालवायचा, ही गोष्ट त्या गावाला आपल्याकडच्या लेकीसुनांइतकीच सवयीची असावी.

शुक्रवारी तपोवन एक्सप्रेसने आमचे बावीस जणांचे वऱ्हाड दुपारी उतरले. संध्याकाळ मोकळी होती, म्हणून पाणचक्की आणि बीबी का मकबरा असा बेत ठरला. पाणचक्की मला फार आवडली. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणायचे, उंच भिंतीवर चढवून हौदात पाडायचे आणि त्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळायचे! अठराव्या शतकातली ही सोय पाहून आमच्यातल्या बायकांनी एकमेकींकडे जे पाहिले, ते पुरुषांना कळण्यासारखे नव्हते.

मकबऱ्याला लोक ‘गरिबांचा ताज’ म्हणतात. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्या स्मरणार्थ तो बांधलेला. ताजमहालाचा संगमरवर इथे घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्यालाच पुरला, बाकी सारा चुन्याचा गिलावा. जुन्या तवारिखेत त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. हा आकडा ऐकताच माझे मेहुणे, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, एकदम गंभीर झाले. “सात आणे!” ते म्हणाले. “याला म्हणतात हिशेब. आपल्याला कालच्या फुलवाल्याचे शंभर रुपये लागत नाहीत.” मला विचाराल तर संध्याकाळच्या उन्हात तो गिलावाही सुरेख दिसतो, आणि ताजमहालाशी तुलना केली नाही तर अधिकच.

खरा पेच रात्री उभा राहिला. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. पुण्याच्या एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षे चित्रकला शिकवली. वर्गात भिंतीवर अजिंठ्याच्या पद्मपाणीचे एक छापील चित्र असे. ते दाखवून त्यांनी किती मुलांना भुवई, पापणी आणि बोटे काढायला शिकवली असेल, त्याला गणती नाही. आणि मूळ चित्र काही त्यांनी पाहिले नव्हते. एकदा शाळेची सहल रद्द झाली, एकदा काकू आजारी पडल्या, मग मुलींची शिक्षणे, मग मोतीबिंदू, मग गुडघे. “रविवारचं लग्न झालं की सोमवारी जाऊन येईन,” ते म्हणाले, आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले, “सोमवारी अजिंठा बंद असतो, आजोबा. मंगळवारी वेरूळ.”

सोमवारी रात्रीची परतीची तिकिटे काढलेली. रविवारी लग्न. म्हणजे उरला शनिवार, आणि शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सीमांतपूजन. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरवर. ताई म्हणाली, “काका, घरातले वडीलधारे म्हणून पहिला मान तुमचा. तुम्ही वेळेवर आला नाहीत तर व्याह्यांना मी काय सांगू? लेण्यांत गेलेत?” काका काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि ते गादीवर जाऊन पडले. हट्ट करणारा म्हातारा परवडतो. हा असा गप्प राहणारा परवडत नाही. रात्री अकराला ताईच उठून माझ्याकडे आली. “पहाटे घेऊन जा त्यांना,” म्हणाली. “सहाच्या आत परत आण. आणि कुणाला सांगू नकोस.”

कुणाला सांगायचे नाही हे लग्नघरी अशक्य. पहाटे साडेपाचला आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो, तो स्वयंपाकघराच्या दारात नवरीची काकू उभी! तिने काही विचारले नाही. “थांबा पाच मिनिटं,” म्हणाली, आणि गरम धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा आमच्या हाती ठेवला. “न्याहारीला सुशीला आहे, पण ती काही डब्यात बरी लागत नाही.” काका चकित होऊन माझ्याकडे पाहू लागले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि दाण्याच्या कुटाची फोडणी दिलेला मराठवाड्याचा खास पदार्थ, हे गाडीत बसल्यावर मी त्यांना समजावून सांगितले. हे नाव त्याला कुणी दिले असेल ते असो. सकाळच्या घाईत वेळेवर उभी राहणारी ही सुशीला आपल्या नावाला जागते एवढे खरे.

फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि मग घाट. दोन्ही बाजूंना कापसाची शेते पांढरी झाली होती. वाटेत काकांनी आम्हांला अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास ऐकवला. तो त्यांना पाठ होता. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे इथे राहून चित्रे उतरवत राहिला. त्यांतली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी आणून तेरा वर्षे पुन्हा नकला केल्या; त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. “नक्कल जळते,” काका म्हणाले, “आणि माझ्या वर्गातली तर वाळवीनं खाल्ली.”

फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून सरकारी बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. पुढच्या पायऱ्या काकांच्या गुडघ्यांना झेपण्यासारख्या नव्हत्या. चार भोई डोली घेऊन उभेच होते. खुर्चीवर बसवून त्यांना उचलले तेव्हा काका म्हणाले, “माझी वरात भाच्याआधी निघाली!” नातू म्हणायच्या ऐवजी ते भाचा म्हणाले, इतके त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

पहिल्याच लेण्यात, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे. आत थोडीथोडी माणसे सोडतात. उजेड मंद, कारण प्रकाशाने रंग उडतात. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे तर काळोखच दिसतो. काकांना तर काहीच दिसेना. आमच्याबरोबर आत सोडलेली मंडळी पाहून निघूनही गेली, आणि काका भिंतीसमोर डोळे बारीक करून तसेच उभे. माझ्या पोटात धस्स झाले. इतक्या वर्षांनी आणले, आणि म्हाताऱ्याला चित्र दिसलेच नाही तर? पहारेकरी आम्हांला बाहेर काढायला आला, त्याने काकांकडे पाहिले आणि हलकेच म्हणाला, “बाबा, घाई करू नका. डोळे सरावू द्या.” त्याने पुढची तुकडी आत घेतली आणि आम्हांला राहू दिले.

मग हळूहळू तो मुकुट दिसला, किंचित कललेली मान दिसली, हातातले निळे कमळ दिसले. पंधराशे वर्षांपूर्वी, वाकाटकांच्या काळात, शेणामातीच्या लिंपणावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर रंगवलेले हे चित्र. छापील चित्रात तो फार सुंदर दिसतो. इथे तो फार थकलेला आणि फार दयाळू दिसला. मी पाहत होते ते काकांकडे. त्यांचा उजवा हात हवेत हलत होता. तर्जनी आणि अंगठा जुळवून ते रेघ ओढत होते, डावीकडून उजवीकडे, पुन्हा पुन्हा.

“ही पापणी बघ,” अखेर ते कुजबुजले. “एका दमात ओढलेय. कुठं हात उचललेला नाही. छापलेल्यात हे कळत नाही गं. मला वाटायचं दोन रेघा आहेत. मी मुलांना दोन रेघांनी शिकवली.”

मी म्हटले, “काका, त्या मुलांच्या पापण्या काही वाईट आल्या नसतील.”

“छे, वाईट कशाला?” ते म्हणाले. “पण एका रेघेनं येते हे त्यांना कळायला हवं होतं.”

आम्ही दुसरे लेणे धावते पाहिले. सोळा आणि सतरा राहिलीच. सोळाव्यात नंदाची कथा आहे: गौतम बुद्धांचा हा धाकटा भाऊ नव्या नवरीला सोडून भिक्षू झाला, आणि ती बातमी ऐकून कोसळलेली राजकन्या तिथे रंगवलेली आहे. सीमांतपूजनाच्या दिवशी वरपक्षाने ती न पाहिलेलीच बरी, असे म्हणून मी काकांना डोलीत बसवले. धपाटे आम्ही वाघूर नदीच्या काठच्या झाडाखाली खाल्ले. त्यांची चव मला पुढच्या दोन दिवसांच्या पक्वान्नांपेक्षा जास्त आठवते.

परतताना घाटात एक ट्रक आडवा झालेला. पाऊण तास गाडी जागची हलली नाही. ताईचे फोन येऊ लागले, मग येईनासे झाले, आणि ते जास्त भयंकर होते. आम्ही कार्यालयात पोहोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. सनई चालू, पाट मांडलेले, आणि व्याही स्वतः दारात तांब्या घेऊन उभे. ताईचा चेहरा पडलेला. काका पुढे झाले आणि त्यांनी सरळ सांगितले, “अजिंठ्याला गेलो होतो. उशीर माझ्यामुळे झाला.” व्याह्यांनी आधी त्यांच्या पायांवर पाणी घातले. मग म्हणाले, “काका, कालच सांगितलं असतं तर माझी गाडी दिली असती. आम्ही इथलेच, शाळेच्या सहलीनंतर मी काही गेलो नाही. पाहुणे आले की त्यांना पाठवायचं, आपण घरी थांबायचं.” नवरीची काकू मागे उभी राहून काहीच ठाऊक नसल्यासारखी अक्षता निवडत होती.

त्या रात्री पंगत शाकाहारी होती, हे सांगायला नको. तरी दहानंतर आमच्याकडची चार तरुण पोरे दिसेनात. ती नवरीच्या मामांबरोबर नान-खलिया खायला गेली होती, हे दुसऱ्या दिवशी कळले. खलिया म्हणजे मोठ्या देगेत मंद आचेवर शिजवलेले मटण, वर लाल तर्री. बरोबर तंदुरातला जाड, मऊ नान. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या लष्करासाठी हा पदार्थ रांधला जाई, असे तिथले लोक सांगतात. मी चाखलेला नाही. पोरांच्या चेहऱ्यांवरून लिहिते आहे. राजधानीचा बेत फसला, खलिया मात्र टिकला.

लग्न रविवारी व्हायचे तसे झाले. मंगलाष्टके लांबली, जिलेबी पुरली, आणि फुलवाल्याचे शंभर रुपये अखेर सापडले.

सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणि वेरूळला नवरा-नवरीसह सगळे निघालो. वाटेत दौलताबादला गाडी जुन्या वेशीतून गेली. किल्ला खालूनच पाहिला आणि पेरू घेतले. वेरूळला आमची वाटाडी होती नवी सून. “पाहुणे आले की वेरूळ, त्यामुळे मी निदान वीसदा आलेय,” ती म्हणाली. कैलासापुढे तिने आम्हांला जिथे उभे केले, तिथून खरोखर सगळे मंदिर एका नजरेत आले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले हे काम. आधी कळस आणि मग पाया, असे वरून खाली कोरत आणलेले. मेहुण्यांनी याचाही खर्च विचारला. तो कुणी लिहून ठेवलेला नाही असे कळल्यावर ते हळहळले.

मग ती आम्हांला एकवीस नंबरच्या लेण्यात घेऊन गेली. तिथे शंकर-पार्वतीचे लग्न कोरले आहे. ब्रह्मदेव होमाशी बसलेले, पार्वतीची मान किंचित खाली. त्याच शिल्पपटात त्याआधीचे तिचे तपही आहे. “लहानपणी आई म्हणायची, भटजी बघ कसे बसलेत,” ती हसून म्हणाली. मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. रात्री तिला आमच्याबरोबर मुंबईला यायचे होते. ताई तिच्याजवळ गेली आणि लेण्याकडेच पाहत म्हणाली, “आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही राणीचा बाग दाखवतो. पुढच्या वेळी तू ठरव काय दाखवायचं ते.”

संध्याकाळी गुलमंडीवरून विहीणबाईंनी दोन किलो इमरती बांधून दिली. उडदाच्या डाळीची, पाकात मुरलेली, जिलेबीपेक्षा जाड वेढ्यांची. देवगिरी एक्सप्रेस मनमाडला पोहोचायच्या आत डब्यात नुसता पाक उरला. काका जागेच होते. खालच्या बाकावर बसून त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि ताईला म्हणाले, “अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. तेव्हा धाकट्याचं लग्न गुरुवारचं धर. मुलगी तिकडचीच बघ. माझी सोळा आणि सतरा राहिलीत.”

ताईने वरच्या बाकाकडे पाहिले. धाकट्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले होते.