जालन्याची आच आणि मोटारीचा दम

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यातील जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ऐकू येते. कुंडलिका नदीने गावाचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग केले आहेत. १ मे १९८१ रोजी या गावाला जिल्ह्याचा मान मिळाला. आज त्याचे नाव निघते ते बियाण्यांमुळे, मोसंबीमुळे आणि घरोघरच्या स्लॅबमध्ये बसलेल्या लोखंडी सळयांमुळे. आम्ही मात्र तेथे गेलो ते भाच्याच्या मोटारीपायी.

हे चिरंजीव पुण्यास नोकरी करतात. जवळ बाराशे सीसीची छोटी हॅचबॅक, शक्ती सुमारे ८५ घोड्यांची. तिला टर्बो बसवून रस्त्यावरचा वाघ करावी, हा ध्यास! गाठीला दीड लाख रुपये. लग्नासाठी ठेवलेले, ही माहिती त्याच्या आईने आम्हांस खासगीत दिली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. सळया वाहणाऱ्या डिझेल ट्रकांचे टर्बो उघडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचे मत घ्यावे, असे ठरले.

मिस्त्रींनी आधी आम्हांला एक रोलिंग मिल दाखविली. भंगार वितळवून त्याचे ठोकळे करतात, ते तापवून रुळांमधून ओढतात. लालभडक सळई सापासारखी सरसरत येते आणि तिच्यावर एकाएकी पाण्याचा मारा होतो. वरची कातडी कडक होते. आतली उष्णता मग हळूहळू बाहेर येऊन त्याच कातडीला चिवट करते. टीएमटी सळईचे बळ ते हेच.

“पाहिलंत ना भाऊ?” मिस्त्री म्हणाले, “सगळा खेळ आचेचा. टर्बोचंही तसंच आहे.”

आणि चहाच्या टपरीवर त्यांनी जो पाठ दिला, तो वाचकांनाही उपयोगी पडावा. साधे इंजिन आपल्या ताकदीने हवा ओढते. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या गरम वायूवर चक्र फिरवून जास्त हवा आत कोंबावी, ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. चक्राचे फेरे मिनिटाला लाखाच्याही वर जातात. पण हवा दाबली की तापते. पेट्रोलच्या साध्या इंजिनात मिश्रण आधीच दहा-अकरा पट दाबलेले असते. त्यात आणखी दाब आला, तर मिश्रण अवेळी पेटते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनचे तुकडे होतात.

अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाईल जेटफायर ही टर्बोची मोटार निघाली, तिला हाच रोग. उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारीत. मालक टाकी भरायला विसरत! अखेर कित्येक गाड्यांचे टर्बो काढून टाकावे लागले.

“म्हणजे होणारच नाही, काका?” भाच्याचा चेहरा उतरला.

“होतं की! पण दाब थोडाच ठेवायचा. हवा थंड करायला इंटरकूलर हवा, जादा पेट्रोलला मोठे इंजेक्टर हवेत, टर्बोला तेलाची नळी हवी. कॉम्प्युटरची नवी जुळणी जाणत्या माणसाकडूनच करावी. मग क्लच घसरतो, तो बदला. टर्बो विकत घेणं हा सगळ्यांत स्वस्त भाग, बाळा. महाग आहे ते त्याच्या पाठीमागचं बिऱ्हाड.”

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही. विमा कंपनीला न सांगता इंजिन बदलले, तर अपघाताच्या वेळी ती हात वर करू शकते.

परतताना आम्ही समृद्धी महामार्गावर आलो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जालन्यावरून जातो. सपाटीवर मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. पलीकडे जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा. त्याच्याजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. भाचा बराच वेळ गप्प होता. भाच्याची साधी मोटारसुद्धा १२० चा काटा सहज गाठत होती.

हिशेब त्याने स्वतःच मांडला. चांगले टायर, नवे ब्रेक पॅड, प्लग, फिल्टर, सस्पेन्शनची दुरुस्ती. एवढे करूनही दीड लाखांतील बहुतेक रक्कम उरते. टर्बोची हौस फारच असली, तर कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली हॅचबॅक पुढेमागे जुन्या बाजारात घ्यावी. तिचे इंजिन त्या दाबासाठीच घडवलेले असते.

“मामा, आईला सांगू नका हं, मी इतका शहाणा झालो म्हणून,” तो म्हणाला, “नाही तर उद्याच मुलगी पाहायला नेईल!”