व्याह्यांची आमरी

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत एखाद्या वनस्पतीला 'काटक' म्हटले की त्याचा अर्थ एवढाच असतो की, ती हिमाला दाद देत नाही. सिप्रिपीडियम जातीच्या आमरींचे संकर तिकडे हिवाळाभर बर्फाखाली निजून राहतात आणि वसंताची चाहूल लागताच जमिनीतून वर येऊन फुलतात, असे मी ज्या वयात वाचले, त्या वयात अमरावतीस बर्फ फक्त उसाच्या रसाच्या दुकानात पाहावयास मिळे. आमच्या वऱ्हाडात काटकपणाची परीक्षा निराळी. येथे शिशिर कोणाला मारीत नाही. मारतो तो वैशाख. पारा 45 अंशांच्या पुढे सरकला आणि दुपारची झळ अंगणातून आत येऊ लागली, म्हणजे कोण काटक आणि कोण नाही हे आपोआप ठरते.

होळीच्या सुमारास, मेळघाटच्या उतरणीवर पळस पेटू लागला की, माझ्या मागल्या ओसरीवर दोन आमरी फुलतात. एक येथली, एक परकी. त्याच वेळी शंभरेक किलोमीटरांवर, अकोल्यास, माझ्या व्याह्यांच्या ओसरीवर त्यांच्या जुळ्या बहिणी फुललेल्या असतात. बहुधा आठ दिवस आधी. हे आठ दिवस मला दरवर्षी टोचतात.

येथली म्हणजे वँडा टेसेलाटा. आंब्यामोहांच्या फांद्यांवर ही आपल्याकडे वाढते, म्हणून लोक तिला बांडगूळ समजतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते; आमरी फक्त बसावयास जागा मागते. तिची जाड पांढुरकी मुळे हवेत लोंबतात आणि पाणी मिळताच हिरवी होतात. 'वँडा' हे शास्त्रीय नावही साहेबांनी आपल्याच 'वंदा' या संस्कृत शब्दावरून घेतले आहे. फूल दोन बोटे रुंद, पिवळट हिरवे, त्यावर तपकिरी जाळी, आणि ओठ तेवढा जांभळा. दिसण्यात काही विशेष नाही. परंतु सकाळी नऊनंतर ओसरीवर जो गोड वास दरवळतो त्यासाठी मी कॉलेजात उशिरा गेलो आहे.

परकी म्हणजे वँडा रॉथ्सचिल्डियाना. हा संकर 1931 साली नोंदविला गेला. याचा एक पूर्वज खासी टेकड्यांतला निळा वँडा, दुसरा फिलिपीन्समधला. तळहाताएवढी निळी फुले तीन-चार आठवडे टिकतात. वास मात्र नाही. आमची दोन्ही रोपे एकाच रोपवाटिकेतून, एकाच दिवशी आणलेली. गेल्या वर्षी माझ्या रोपाला सात फुले आली, त्यांच्या रोपाला नऊ. कारण विचारल्यावर व्याही म्हणाले, "लय लाड करता तुम्ही. लाडानं मूळ सडते."

ते खरे होते. मी त्याला कुलरसमोर टांगले होते, दिवसातून चार वेळा पाणी शिंपडीत होतो. ते मात्र लाकडी जाळीदार टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे घालतात, सकाळी एकदाच भरपूर पाणी देतात आणि दुपारी हिरव्या जाळीखाली ओले पोते टांगून मोकळे होतात. खात्यातील माणूस तो! कृषी खात्यात त्यांची हयात गेली. 1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. वऱ्हाडात तिला नुसते 'हायब्रीड' म्हणत आणि तिच्या भाकरीला चव नाही म्हणून नाके मुरडीत. पण पुष्कळांची पोटे तिनेच भरली. पुढे 1970 साली सुरतेस निघालेला एच-4 हा संकरित कापूस आला. संकर हा शब्द त्यांच्या तोंडी बियाण्याच्या पिशवीवरील शब्द होता.

माझ्या तोंडी तो कसा आला, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 2018 साली माझ्या मुलीने स्वतःच्या पसंतीने, जातीबाहेर, या घरात लग्न केले. आपण विरोध केला नाही, असे मी लोकांस सांगत असे. खरे म्हणजे उघड विरोध करण्याइतका प्रामाणिकपणा मी दाखविला नाही. बोलणी करावयास ती मंडळी आली तेव्हा, आमच्या एका भाऊबंदास उत्तर देताना, "शेवटी संकर तो संकरच" असे वाक्य मी त्यांच्यादेखत बोलून गेलो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला वर्णसंकराची जी भीती वाटते तिला आज अर्थ उरलेला नाही, असे मी वर्षानुवर्षे व्याख्यानांतून सांगत आलेला माणूस! व्याह्यांनी हातातला कप बशीत ठेवला, एवढेच.

पुढे वर्षभर आमचे बोलणे 'प्रकृती कशी आहे' यापलीकडे गेले नाही. 2019 च्या दिवाळीत ते एक ओले फडके गुंडाळून घेऊन आले. रस्ता रुंद करताना पाडलेल्या आंब्याच्या फांदीवर त्यांना वँडा सापडला होता; त्याचा अर्धा भाग माझ्यासाठी आणला होता. तेव्हापासून आम्हांला विषय मिळाला.

आमरींचा पहिला कृत्रिम संकर इंग्लंडात जॉन डॉमिनी नावाच्या माळ्याने केला. त्याला 1856 साली फूल आले. युक्ती साधी आहे. वँड्याचा पराग सुटा नसतो. मेणासारख्या दोन गोळ्या असतात. त्या काडीच्या टोकावर उचलून दुसऱ्या फुलाच्या चिकट खळगीत ठेवावयाच्या. 2021 सालच्या फाल्गुनात निळ्याचा पराग येथलीवर ठेवावयाचे आम्ही ठरविले. मी आगपेटीची काडी धरली होती. व्याही चष्मा कपाळावर चढवून माझ्या खांद्यावरून पाहत होते. ते हळूच म्हणाले, "इवाईबुवा, संकर तो संकरच, नाही का? पाहू, काय निंगते त."

माझा हात हलला आणि पहिली गोळी खाली पडली. मी त्यांच्याकडे पाहिले. ते फुलाकडेच पाहत होते. "दुसरी आहे अजून," ते म्हणाले.

त्या वर्षी धरलेली शेंग मे महिन्यात गळली. 2022 साली एक टिकली. आमरीचे बी धुळीसारखे. त्याच्यापाशी अन्नाची शिदोरी नसते. रानात एक बुरशी त्याला पोसते. 1922 साली नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते साखरेच्या अगारवर बुरशीवाचून उगवून दाखविले, म्हणून आज प्रयोगशाळेतील बाटलीत ही बाळंतपणे होतात. आमच्या बाटलीतून निघालेल्या रोपांपैकी पाच जगली: तीन अकोल्यास, दोन माझ्यापाशी. वास येथलीचा आणि रंग निळीचा, असे आमचे स्वप्न आहे. उलटही होऊ शकेल, म्हणजे मळकट आणि निर्गंध. पाने अजून बोटाएवढी आहेत. फूल यावयास आणखी चार-पाच वर्षे लागतील, आणि व्याही आता 71 वर्षांचे आहेत.

परवा त्यांचा फोन आला. नातीचा ताप उतरल्याचे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "तुमच्यावाल्याले नवीन मूळ सुटलं का?"

"थांबा, पाहून सांगतो," म्हणून मी फोन हातात घेऊनच ओसरीवर गेलो. एकाला सुटले होते. हिरव्या टोकाचे, तांदळाच्या दाण्याएवढे.