एक रिकामे काडतूस

बुलढाण्याच्या घरातील जुनी पेटी परवा उघडली, तो आमच्या आजोबांच्या रिव्हॉल्वरचे एक रिकामे काडतूस हाती आले. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, त्यापूर्वीची ही गोष्ट. जेथे १९९७ पासून ज्ञानगंगा अभयारण्य आहे, त्या डोंगरांत त्यांनी एका चितळावर बार टाकला. पूर्ण कवचाची गोळी आरपार गेली. जनावर पडले नाही. टोकाशी शिसे उघडे असलेली गोळी देहात पसरते, हे त्यांस ठाऊक होते; परंतु खिशात होती तीच त्यांनी भरली. शिवाय रिव्हॉल्वरच्या गोळीस रायफलीचा वेग कोठला! रक्ताचे थेंब अंधार पडेपर्यंत शोधले. पुढे आम्हां मुलांना सांगताना ते ‘चितळ’ म्हणत नसत, ‘ती’ म्हणत.