तमाशाई आणि तमासगीर

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला काही शब्द दरवर्षी नव्याने अडवतात. ‘तमाशा’ हा त्यातला एक. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सोबत चालणं. फारसीत तो फिरत फिरत पाहणं झाला, उर्दूत पाहण्याजोगं दृश्य झाला आणि मराठीत आला तेव्हा ढोलकी-तुणतुणं घेऊन फडावर उभा राहिला. गंमत पुढे आहे. उर्दूत ‘तमाशाई’ म्हणजे बघणारा, मराठीत ‘तमासगीर’ म्हणजे करणारा. मुलं हमखास गोंधळतात. मी सांगते, एक खाली बसलेला, दुसरा वर उभा. परवापर्यंत हे उत्तर पुरत होतं.

गेल्या रमजान ईदला पुण्यात भावाकडे गेले होते. त्याच्या थोरल्याने आभासी वास्तवाचा तो डोळ्यांवर बांधायचा चष्मा घेतलाय. चष्मा कसला, डबाच तो, डोक्याला पट्ट्यांनी आवळायचा. किंमत विचारली तर भाऊ म्हणाला, “आधी म्हैस समज.” शीरखुर्मा झाल्यावर बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि एकेक पोरगं मधे उभं राहून रिकाम्या हवेत हात मारू लागलं. आम्ही सगळे हसून लोटपोट. हसू खेळाचं नव्हतं, त्या माणसाचं होतं. आत तो काय बघतोय हे आम्हाला दिसत नव्हतं आणि आम्ही काय बघतोय हे त्याला.

मग भाच्याने आतलं दृश्य टीव्हीवर लावलं. तर ते इतकं हलायला लागलं की अम्मी दोन मिनिटांत तोंड फिरवून म्हणाल्या, “बंद करो रे, मुझे चक्कर आ रहे.” चूक अम्मींची नाही. खेळणारा मान वळवतो तेव्हा त्याच्या कानातला तोल आणि डोळ्यातलं चित्र एकत्र वळतं, म्हणून त्याला जग स्थिर वाटतं. आपण सोफ्यावर बसून त्याच्या डोळ्यांनी बघतो, आपली मान मात्र जागच्या जागी असते. दुसऱ्याच्या मानेवर आपले डोळे बसवले की असंच होणार. हा खेळ स्पर्धा म्हणून लोकांना दाखवायचा तर सगळ्यात मोठी अडचण ही आहे. खेळाडूचे डोळे सोडून प्रेक्षकासाठी वेगळा कॅमेरा लागतो, खेळाडूच्या मागे काही फुटांवर नाहीतर मैदानाच्या कडेला, स्थिर. म्हणजे शेवटी प्रेक्षकाला त्याची जागा द्यावीच लागते.

हे आम्हा करमाळ्याच्या लोकांना कुणी शिकवायला नको. आमच्याकडे जत्रेतलं कुस्तीचं मैदान असतं. अब्बांना कुस्तीचा नाद. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला खांद्यावर घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहायचे. बायकांची तिथे जागा नव्हती, मी लहान होते म्हणून चालून गेलं. तिथे मी बघितलं ते असं : हलगी कुस्तीच्या आधी तापते, निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, मागच्या कुस्त्या सगळं सांगत राहतो, आणि ज्याला डाव कळत नाही त्यालाही शेजारचा म्हातारा कोपराने ढोसून सांगतो, “आता बघ, ढाक बसतीय.” बघणारा तयार करावा लागतो. तो आपोआप होत नाही. आणि एकदा तयार झाला की पंचालाही सोडत नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत महेंद्र गायकवाडला सिकंदर शेखविरुद्ध चार गुण दिले गेले, तेव्हा आमच्या जिल्ह्यात चहाच्या टपऱ्यांवर पोरं मोबाईलवर तो डाव पुन्हा पुन्हा लावून भांडत होती. दोघेही सोलापूर जिल्ह्याचेच. वादाला नंतर नको तो रंगही दिला गेला, ते बाजूला ठेवू. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की खांदा टेकला की नाही, यावर मत असायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आभासी खेळात निकाल यंत्र देतं. पंचाशी भांडण नाही. सोय आहे, पण बघणाऱ्याच्या हातातलं निम्मं काम त्यात जातं.

तरी प्रयत्न झालेत, आणि ते नुसते अमेरिकेत नाहीत. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीचा ‘आयबी क्रिकेट’ हा खेळ डोळ्यांवर चष्मा चढवून, हातात बॅट धरून खेळायचा. 2021 च्या अखेरीस त्यांनी निवृत्त क्रिकेटपटूंना घेऊन एक-एक षटकाची लीगही भरवली. कल्पना हुशारीची होती. क्रिकेट आपल्याला कळतं, त्यामुळे बघे आधीच तयार. पुण्याच्या जेटसिंथेसिसने ‘सचिन सागा’ची अशी आवृत्ती काढली, पण त्यांचं मोठं नाव झालं ते साध्या पडद्यावरच्या क्रिकेटच्या लीगमुळे. 2025 मध्ये सारा तेंडुलकरने त्यातला मुंबईचा संघ घेतला, त्याची बातमी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही वाचली गेली. चष्म्याचा खेळ अजून त्या पायरीवर आलेला नाही.

आणि जो आला होता तो गेला. ‘इको अरीना’ नावाचा खेळ 2017 मध्ये निघाला. वजन नसलेल्या जागेत, भिंतींना ढकलून तरंगत, तबकडी फेकून गोल करायचा. ज्यांनी बघितलाय ते सांगतात की हा खरोखर मैदानी खेळ होता. अंग वापरावं लागे, संघ लागे, बघ्यांसाठी वेगळी सोयही होती. त्याच्या लीग भरल्या, बक्षिसं वाटली गेली. 1 ऑगस्ट 2023 ला मालक कंपनी मेटाने सर्व्हर बंद केले. खेळ संपला. म्हणजे स्पर्धा नव्हे, खेळच. सहा वर्षं घाम गाळून ज्याने तो शिकला, त्याला दुसऱ्या दिवशी तो एकट्याने सरावापुरताही खेळता येईना.

मोबाईलच्या पोरांना हे ठाऊक आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली. त्याच्या जागी बीजीएमआय आला. 2022 च्या पावसाळ्यात त्याची मोठी स्पर्धा चक्क स्टार स्पोर्ट्सवर दिसली, आणि ती संपून पंधरवडाही उलटला नव्हता तोच, जुलैअखेरीस, तोही दुकानातून काढला गेला. परत यायला मे 2023 उजाडला. कारणं काही असोत, ती सरकार जाणे. पण उद्या कुणी ठरवलं म्हणून कुस्ती बंद पडते का? लाल माती वस्तादाच्या बापाचीही नसते. या खेळांची माती मात्र कुणाच्या तरी मालकीची आहे, आणि एवढी एक गोष्ट मी पालकांना आवर्जून सांगते. “खेळू दे, पण शाळा सोडून नको.”

पालकांचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा दुसराच असतो. “टीचर, ये जुआ है क्या?” उत्तर द्यायला मला फार लांब जावं लागत नाही. आपल्या फुकहाने घोड्यांच्या शर्यतीबद्दल हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी सोडवून ठेवलाय. बक्षीस तिसऱ्याने लावलं तर ते इनाम. दोघांनी आपापले पैसे मध्ये टाकले आणि जिंकणाऱ्याने सगळे उचलले तर ते किमार, जुगार. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, तो जवळपास याच रेषेवर उभा आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी, आणि कसबावर चालणाऱ्या ई-स्पोर्ट्सना मान्यता. त्यात बक्षीस चालेल, प्रवेश फीही चालेल, पैज नाही. प्रवेश फी गोळा करून त्यातूनच बक्षीस दिलं तर काय, हे मी आमच्या मौलानांना विचारलं. ते बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, “ये अलग मसला है.” मला ते उत्तर आवडलं. वेळ आणि नमाज यांचा मुद्दा वेगळा, तो मोबाईलवरच्या प्रत्येक गोष्टीला लागू आहे, माझ्या ब्लॉगलाही.

आता त्या ईदच्या दुपारचं राहिलेलं. सगळी पोरं दमल्यावर भावाची मुलगी उठली. बारावीला आहे. ‘बीट सेबर’ लावला. समोरून रंगीत ठोकळे उडत येतात आणि दोन हातातल्या दोन तलवारींनी तालावर कापायचे. (संगीताबद्दल ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी आवाज बंद करून बघावं, ताल ठोकळ्यांतच असतो.) तिने ओढणी कमरेला खोचली आणि काय हात चालले तिचे! पोरं गप्प झाली. टीव्ही बघायचा सोडून सगळे तिलाच बघत होते. पहिल्यांदाच आम्ही माणसाला हसत नव्हतो.

पण त्याच वेळी भावजयीने उठून खिडकीचा पडदा ओढला. समोरच्या गॅलरीत कुणी उभं होतं. मुलीला कळलंही नाही, तिचे डोळे तर झाकलेले. जो खेळतो त्यालाच आपल्याला कोण बघतंय हे दिसत नाही, असा खेळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मुलाला त्याने काय फरक पडतो? मुलीला पडतो. भावजय चुकीची नव्हती. आणि पडदा ओढल्याने ती थांबलीही नाही, हे मला बरं वाटलं.

रात्री अम्मी म्हणाल्या, “लड़की की जात, सबके सामने उछल-कूद...” मी त्यांना ईदच्याच दिवसाची गोष्ट आठवण करून दिली. मस्जिद-ए-नबवीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते आणि हजरत आयशा हुजूरांच्या खांद्यामागून ते मन भरेपर्यंत बघत राहिल्या. बुखारीत आहे. अम्मींना ती माझ्यापेक्षा जास्त पाठ. त्या म्हणाल्या, “वो तो देख रहे थे. ये तो खेल रही है.”

तमाशाई आणि तमासगीर. अम्मींनी मला माझ्याच धड्यात पकडलं. मी म्हटलं, “अम्मी, त्या खेळात तिचं तोंड दिसत नाही. दोन तलवारी दिसतात फक्त. समोरच्याला ती मुलगी आहे की मुलगा, पुण्याची की करमाळ्याची, काही कळत नाही.” अम्मी विचारात पडल्या. थोड्या वेळाने विचारलं, “और जीती तो? इनाम लेने कौन जाएगा?”

मुलीने गेल्या आठवड्यात ऑनलाइन स्पर्धेचा अर्ज भरलाय. फी नाही, बक्षीस भरवणाऱ्यांचं, ते मी आधी तपासलं. नावाच्या रकान्यात टोपणनाव चालतं. तिने काय लिहिलंय ते मला सांगितलंय, तिच्या आईला अजून नाही.