गच्चीवरचं काळं रबर

कोकणात आखाताचा पैसा आला आणि कौलं उतरली. आमच्या घरावरही अब्बांनी स्लॅब टाकला. बावीस वर्षं कुवेतमध्ये त्यांनी सपाट छपरंच पाहिली होती, पण तिथं पाऊस नावालाच. रत्नागिरीत तो वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर कोसळतो. पाचव्या पावसाळ्यात अम्मीच्या मुसल्ल्यावर थेंब पडला.

मग डांबर झालं, विटांच्या तुकड्यांचा कोबा झाला. स्लॅब उन्हात पसरतो, पावसात आक्रसतो. कोबा त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो. शेवटी सगळ्या मोहल्ल्यानं केलं तेच करायचं ठरलं, गच्चीवर पत्र्याची शेड. अम्मी एवढंच म्हणाली, "मग चाँद कुठून बघायचा?"

म्हणून मी ईपीडीएमच्या मागे लागलो. इथिलीन आणि प्रॉपिलीनपासून केलेलं हे कृत्रिम रबर अमेरिकेत 1960च्या दशकापासून सपाट छपरांवर अंथरतात. जाडी साधारण दीड मिलिमीटर, पण तिप्पट ताणलं तरी तुटत नाही. त्यात काजळी मिसळलेली असते, ती ऊन झेलते आणि रबराला जपते. काळा रंग तिचाच, आणि दुपारी गच्चीचा तवा होतो तोही तिच्यामुळंच.

पाणी या रबरातून शिरत नाही. ते शिरतं दोन पट्ट्यांच्या जोडातून, पाइपाच्या गळ्यापाशी, कठड्याच्या कडेनं. आमच्या पहिल्या कारागिरानं रबर कठड्यावर पुरेसं चढवलंच नाही. जुलैत पाणी मागून उतरलं. कोब्यापेक्षा कितीतरी महाग काम, आणि अम्मीच्या खोलीत पुन्हा बादली! दुसऱ्यानं कड वीतभर वर नेली, पट्टी ठोकून वरून सील केली, तेव्हा गळती थांबली.

खरी अडचण पुढं आली. रमजानात अम्मी गच्चीवर स्टोव्ह नेऊन भजी तळते. तेल-तूप या रबराला सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं. ज्या गोदामांच्या छपरांवर दुरुस्तीवाल्याशिवाय कुणी चढत नाही, तिथं हा प्रश्नच येत नाही. आमची गच्ची म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खोली. सुकट, पापड, पतंग, इफ्तार, सगळं तिथंच.

इंजिनिअरला स्लॅबला वजन पेलेल का ते विचारलं, मग रबरावर जाड फेल्ट आणि त्यावर सिमेंटच्या लाद्या बसवल्या. तवा निवला. शेड टळली. स्टोव्ह मात्र खाली आला, आणि अम्मी अजून म्हणते, खालच्या भज्यांना ती चव नाही.