तंबूतील एक रात्र

पाहुण्याने यजमानाच्या गाडीला नावे ठेवू नयेत, एवढे शहाणपण आम्हांला पन्नाशी उलटूनही आलेले नव्हते. ते कसे आले, त्याची ही हकिकत.

2019 च्या सप्टेंबरात आम्ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका वसईकर कुटुंबाकडे उतरलो होतो. यजमानांचे लग्न आम्हीच लावलेले. पाहुणचार मनापासूनचा होता, पण त्यामागे एक कामही होते. यजमानांच्या ऐंशीच्या घरातील मातोश्री गावची वाडी विकण्याच्या कागदावर सही करीत नव्हत्या. घर मोडकळीस आलेले, बघायला कोणी नाही. “फादर, तुम्ही सांगितलंत तर आई ऐकेल,” असे यजमान पहिल्याच रात्री म्हणाले. आम्हीही ‘बघू’ म्हणून मान हलविली.

त्याच आठवड्यात सारे कुटुंब उत्तरेकडील मेन राज्याच्या अरण्यात मुक्कामाला निघाले. दारात भाड्याने आणलेली अठ्ठावीस फुटी ‘आर. व्ही.’ उभी होती. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घरच. आत खाटा, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास. पोटाखाली पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याच्या दोन. “एवढा संसार बरोबर न्यायचा, तर घर सोडायचे कशाला?” असे आम्ही बोलून गेलो. खिडकीशी बसलेल्या आजींनी ते ऐकले; बोलल्या मात्र काही नाहीत.

शेकोटीसाठी परसातील लाकडे आम्ही गाडीत टाकू लागलो, तेव्हा यजमानांच्या धाकट्या मुलीने आम्हांला अडविले. लाकडाच्या पोटात कीड प्रवास करते, म्हणून बाहेरच्या राज्यातून प्रक्रिया न केलेले सरपण आणण्यास मेनमध्ये 2010 पासून कायद्याने बंदी आहे. 2008 साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात लांब शिंगांचा एक आशियाई भुंगेरा सापडला आणि तो आवरण्यासाठी तिकडे तीस हजारांवर झाडे तोडावी लागली. आम्ही मुकाट्याने लाकडे खाली उतरविली.

मुक्काम होता बॅक्स्टर स्टेट पार्क या अरण्यात, काटाडिन पर्वताच्या पायथ्याशी. बावीस फुटांहून लांब, सात फुटांहून रुंद किंवा नऊ फुटांहून उंच वाहनाला तेथे प्रवेश नाही. त्यामुळे चाकांवरचे घर मिलिनॉकेट गावाजवळच्या एका खासगी तळावर राहिले. तेथे खांबाला वायर जोडली की वीज, नळी जोडली की पाणी. आजी आणि सूनबाई तेथे थांबल्या. आम्ही, यजमान आणि दोन्ही मुले लहान गाडीतून तंबू घेऊन कच्च्या रस्त्याने आत गेलो. आत वीज नाही, नळ नाही, दुकान नाही. ओढ्याचे पाणी शुद्ध करून प्यायचे, कचरा आपला आपण परत न्यायचा, आणि अस्वलांच्या भयाने खाण्याचे सारे जिन्नस गाडीत बंद करून ठेवायचे. सभोवती स्प्रूस, फर आणि पांढऱ्या सालीचे बर्च. पाने नुकती रंग धरू लागली होती.

तंबू ठोकताना आम्हांला मोठा उत्साह चढला. सेमिनरीत ग्रीक शिकताना योहानाच्या शुभवर्तमानातील ‘शब्द आमच्यामध्ये राहिला’ या वाक्यातील क्रियापदाचा मूळ अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे, हे शिकलो होतो. ते मुलांना सांगण्याच्या नादात तंबूखालचे प्लास्टिक आम्ही कडेबाहेर वीतभर पसरून ठेवले. मध्यरात्री पाऊस आला. तंबूवरून ओघळलेले पाणी त्या प्लास्टिकवर साचून सरळ आमच्या पाठीखाली शिरले. प्लास्टिक कडेच्या आत दुमडायचे असते, हे ग्रीक व्याकरणात नव्हते.

त्यात दोनदा उठावे लागले. संडास झाडांपलीकडे, हाती विजेरी, पायांखाली ओली मुळे. दुसऱ्या वेळी आम्ही गुडघ्यावर आपटलो, आणि त्या अंधारात आजी आठवल्या. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेली, रात्री तीन-चारदा उठावे लागणारी ती बाई या जंगलाजवळ आली, ती केवळ त्या चाकांवरच्या घरामुळे. मुलाने ती गाडी चैनीसाठी आणली नव्हती. आई मागे राहू नये म्हणून आणली होती. दारात आम्ही फेकलेले ते वाक्य आम्हांला फार जड झाले.

सकाळी सूनबाई दुसऱ्या गाडीतून आजींना घेऊन आल्या. आम्ही आधी त्यांची क्षमा मागितली. त्या हसून म्हणाल्या, “फादर, कपडे वाळवा अगोदर.” जवळूनच अ‍ॅपलेशियन पायवाटेची अखेरची चढण सुरू होते. जॉर्जियापासून एकवीसशे मैलांहून अधिक चालत आलेली तरुण मुले पाठीवर आपले घर घेऊन जात होती. आजी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे एवढं रान कुणाचं?”

यजमानांनी सांगितले. पर्सिव्हल बॅक्स्टर 1921 ते 1925 या काळात मेनचे गव्हर्नर होते. हा पर्वत सरकारने विकत घ्यावा, हे त्यांचे म्हणणे विधिमंडळाने मानले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशाने तुकड्या-तुकड्याने जमीन घेतली आणि 1931 पासून 1962 पर्यंत ती राज्याला दान केली; एकूण दोन लाख एकरांहून अधिक. अट अशी, की हे रान सदैव रानच राहावे.

आजी बराच वेळ गप्प होत्या. “माझी वाडी बारा गुंठ्यांची,” त्या म्हणाल्या. “विहीर आहे, पाच आंबे आहेत. मी आता तिथं राहायला जाणार नाही, माझे गुडघे मला नेणार नाहीत. पण सही केली की त्या आंब्यांचं काय, ते कुणीच मला सांगत नाही.”

आम्ही यजमानांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. परतताना आम्ही त्यांना एवढेच म्हटले, “हे काम आमचे नव्हे. तुम्ही स्वतः आईजवळ बसा.”

त्या रात्री तळावर, तेथेच विकत घेतलेल्या सरपणाची शेकोटी पेटली. गाडीच्या पायरीजवळ आजींची खुर्ची होती आणि शेजारी जमिनीवर त्यांचा मुलगा. आम्ही आत झोपलो. त्यांचे बोलणे हळू आवाजात उशिरापर्यंत चालले होते. आम्ही कान दिला नाही.

वाडी विकली गेली नाही. पुढे एका डिसेंबरात यजमान मुलांसह गावी आले. घर राहण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनी आंब्याखाली तंबू ठोकला. प्लास्टिक पसरण्याचे काम आम्ही मागून घेतले, आणि चारही कडा आत दुमडल्या.