पोटिसाची बाजू

आमच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात गळू क्वचितच उघडं येतं. त्यावर काहीतरी थापलेलं असतं. हळद, टूथपेस्ट, भाजलेला कांदा, नाहीतर चुना-गूळ. हळद-कांद्याने फारसं बिघडत नाही, पण चुना कातडी भाजतो. मग गळू राहतं बाजूला आणि भोवतालच्या सोललेल्या कातडीवरच उपचार करावे लागतात. बिब्बा तर त्याहून वाईट.

आजीच्या गरम पोटिसाची बाजू मात्र मी घेतो. कणकेचं असो वा जवसाचं, गुण त्या पिठात नव्हता, उष्णतेत होता. शेकाने तिथला रक्तपुरवठा वाढतो, ठणका कमी होतो आणि गळवाला लवकर तोंड पडतं. हे काम साध्या गरम पाण्यानेही होतं. स्वच्छ सुती फडकं सोसेल इतक्याच गरम पाण्यात बुडवून पिळावं आणि 10 ते 15 मिनिटं गळवावर धरावं. गार झालं की पुन्हा बुडवावं. दिवसातून तीन-चार वेळा, रोज. लोक कंटाळतात ते इथेच. दुसऱ्या दिवशी पिवळं टोक दिसलं की अंगठे शिवशिवायला लागतात.

पिळू नका. सुईही टोचू नका. गळू केसाच्या मुळाशी, कातडीच्या आत असतं. शरीराने पुवाभोवती बांध घातलेला असतो. दाबलं की तो फुटतो आणि पू आत पसरतो. त्या पुवात बहुधा स्टॅफिलोकोकस असतो. 1880 च्या सुमारास अॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन या शल्यविशारदाने गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे गोल जंतू ओळखले. धडधाकट माणसांपैकी साधारण तिघांत एकाच्या नाकात ते बिनबोभाट राहतात. नाकातलं बोट मानेला लागलं, कॉलर घासली, घाम मुरला की झालं! मे महिन्यात आळ मात्र आंब्यावर येतो.

गळू आपणहून फुटलं की साबण-पाण्याने धुवून कोरडी पट्टी बांधावी. हात धुवावेत. टॉवेल वेगळा ठेवावा. मेडिकलमधून ‘कसलंतरी मलम’ आणू नये; त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि ते जंतूंच्याच पथ्यावर पडतं. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत.

घरगुती उपायांची हद्द मात्र ओळखावी. नाक, वरचा ओठ, डोळ्याजवळचा भाग इथलं गळू घरी हाताळू नये. तिथल्या शिरांचा थेट कवटीच्या आत संबंध असतो. ताप आला, लाली पसरू लागली, तान्ह्या बाळाला गळू झालं, की डॉक्टर गाठावा. आठवडाभर शेकूनही उतार नसेल तर आम्ही छोटा छेद देऊन पुवाचा निचरा करतो. मधुमेह्यांनी तेवढीही वाट पाहू नये. आणि एक बसतं न बसतं तोच दुसरं उठत असेल, तर शेक चालू ठेवा, पण रक्तातली साखर तपासून घ्या. काहींना मधुमेह असल्याचं या गळवांमुळेच कळतं.